काकांची पिशवी आणि मिलीसिव्हर्टचा हिशोब

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी, म्हणजे सकाळची गर्दी ओसरते आणि आम्ही डबे उघडायच्या बेतात असतो त्याच वेळेला, एक काका आले. हातात साडीच्या दुकानातली पिवळी कापडी पिशवी आणि तिच्यातून फिल्मची पाकिटं वर आलेली. मी म्हटलं काका दोन मिनिटं बसा, आधी पावती करून या. तर म्हणाले, "मॅडम, काढायचं काही नाही. बेरीज करून हवी आहे."

मला आधी वाटलं बिलाचं काहीतरी असणार. ठाण्याला नौपाड्यात आमच्या सेंटरला बिलावरून भांडणारे कमी नाहीत. पण काकांनी पिशवी काउंटरवर उलटी केली आणि अकरा वर्षांचे मणक्याचे एक्स-रे पसरले. काही जुन्या निळसर फिल्म, कडा एकमेकींना चिकटलेल्या, काही नवीन, आणि दोन तर नुसत्या सीडी, ज्या कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाहीत असं त्यांचं म्हणणं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तीस वर्षं अकाउंट्सला काढलेली, रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, कंबर मात्र अजून ड्यूटीवर आहे (हे त्यांचंच वाक्य). आता नवीन डॉक्टरांनी परत एल एस स्पाइन एपी-लॅटरल, म्हणजे कमरेचा एक समोरून आणि एक कुशीवरून, लिहून दिलाय. काकांचं म्हणणं एवढंच की प्रत्येक ठिकाणी बिल मिळालं, रिपोर्ट मिळाला, फिल्म मिळाली, पण किती रेडिएशन दिलं ते एकानेही लिहून दिलं नाही, तर आजवरचं एकूण किती झालं ते सांगा, मग पुढचा काढायचा की नाही ते मी बघतो.

मी सोळा वर्षं एक्स-रे टेक्निशियन आहे. रेडिएशनबद्दल रोज कुणीतरी विचारतंच, पण लोक विचारतात "जास्त नाही ना हो?" आणि आपण म्हणतो "काही नाही काका, अगदी थोडं असतं, सरळ उभे राहा". झालं, तिथेच विषय संपतो. आकडा मागणारा माणूस मला सोळा वर्षांत पहिल्यांदा भेटला आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे आकडा नव्हता. अंदाजही नव्हता. लाज वाटली थोडी. म्हटलं काका, पिशवी ठेवून जा, पुढच्या शनिवारी या.

आता गंमत बघा. माझ्या छातीवर, एप्रनच्या आत, तो टीएलडी बॅज लावलेला असतो. आत बोटाच्या पेराएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या, कॅल्शियम सल्फेटच्या. रेडिएशन लागलं की त्या ते साठवून ठेवतात आणि नंतर लॅबमध्ये तापवल्या की तेवढा प्रकाश बाहेर टाकतात, तो मोजला की कळतं मला किती लागलं. दर तीन महिन्यांनी बॅज जातो, दुसरा येतो, रिपोर्ट फाइलला लागतो. माझा आकडा बहुतेक वेळा शून्य नाहीतर शून्याच्या शेजारचा, कारण एक्स्पोजर देताना मी शिशाच्या काचेमागे असते. पूर्वीच्या एका सेंटरमध्ये आमच्यातल्या एकीने चुकून बॅज आतल्या खोलीत खुंटीवर लटकवून ठेवला आणि तो बिचारा तिथे दोन महिने एक्स-रे खात बसला, तर केवढी पत्रापत्री, खुलासा द्या, सह्या करा. म्हणजे जी बाई काचेमागे उभी आहे तिचा हिशोब दशांश चिन्हापर्यंत आणि जो माणूस टेबलावर झोपलाय, ज्याच्या कमरेतून तो बीम आरपार जातोय, त्याच्या नावावर काही नाही.

यामागे कारण आहे, कुणी लबाडी करतंय असं नाही. आमच्यासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा आहे, पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या रेडिएशनचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य जनतेसाठी वर्षाला १. आणि पेशंटसाठी? मर्यादाच नाही. काकांनी हे ऐकलं तेव्हा चष्मा खाली करून बघितलं माझ्याकडे. पण विचार केला तर बरोबर आहे, कारण पेशंटला रेडिएशन त्याच्याच फायद्यासाठी देतात, उद्या एखाद्याला ॲक्सिडेंटनंतर तीन सिटी करायला लागले तर मर्यादा संपली म्हणून तिसरा करायचा नाही असं थोडंच चालेल. डॉक्टरने गरज असेल तरच लिहायचं आणि आम्ही कमीत कमी डोसमध्ये काढायचं, एवढा साधा नियम. फक्त मर्यादा नाही म्हणून मोजायचंच नाही, हे कधी ठरलं देव जाणे.

रविवारी पिशवी घेऊन बसले. नवरा म्हणाला, सुट्टीच्या दिवशी लोकांची हाडं कशाला आणलीस घरात. मी फिल्म खिडकीच्या काचेवर धरून एकेक बघत होते, समोरच्या बिल्डिंगच्या काकू वाकून वाकून बघत होत्या.

पिशवीतला माल असा निघाला: एल एस स्पाइन म्हणजे कमरेचे एपी आणि लॅटरल सहा वेळा, पुढे-मागे वाकवून काढलेले लॅटरल एकदा, मानेचे तीन वेळा, छातीचे पाच, कमरेचा सिटी एक आणि एमआरआय दोन. एमआरआय बाजूला ठेवले, त्यात एक्स-रे नसतोच, चुंबक आणि रेडिओ लहरी. काकांनी मात्र त्यालाच सर्वात जास्त घाबरून दोन वर्षं टाळलं होतं, आवाज फार येतो म्हणून. आणि सिटीला ते "साधा स्कॅन" म्हणत होते. उलटं आहे सगळं!

बरं, हिशोब कसा करायचा. पेशंटच्या अंगावर तर मीटर लावलेला नाही. नवीन मशीनमध्ये ट्यूबच्या तोंडाशी डोस-एरिया मीटर असतो, तो प्रत्येक एक्स्पोजरला आकडा देतो, पण आपल्याकडे छोट्या सेंटरांत तो असेलच असं नाही, आमच्याकडे नाहीये. मग मागच्या दाराने जायचं. मशीनचं क्यूए, म्हणजे गुणवत्तेची तपासणी, दर दोन वर्षांनी करायला लागतं, त्याच्या रिपोर्टमध्ये ट्यूबचं आउटपुट असतं, म्हणजे एक मीटरवर, अमुक केव्हीला (म्हणजे किरणांचा जोर), दर एमएएसमागे (म्हणजे किरण किती सोडले) किती मिलीग्रे (डोसचं माप) बाहेर पडतं. हा रिपोर्ट आम्ही लायसन्ससाठी करतो आणि कपाटात ठेवतो, मी पहिल्यांदा तो कामासाठी उघडला. ८० केव्हीला साधारण ०.०५ मिलीग्रे निघालं.

आता एपी घ्या. काकांच्या कमरेला मी ८० केव्ही आणि ३० एमएएस दिले असते. ३० गुणिले ०.०५, दीड मिलीग्रे. पण हे एक मीटरवरचं झालं. काकांचं पोट ट्यूबच्या जवळ आहे, ट्यूबपासून पोटाच्या कातडीपर्यंत ७५ सेंटीमीटरच. आणि अंतर कमी झालं की रेडिएशन वर्गाने वाढतं, म्हणजे शंभर भागिले पंच्याहत्तर, त्याचा वर्ग, पावणेदोन पट. झाले २.७. शिवाय शरीरात शिरलेले काही किरण आतून धडकून परत कातडीकडे येतात, त्याचे आणखी तीस-चाळीस टक्के धरतात. म्हणजे साडेतीनच्या जरा वर. हा झाला कातडीवरचा डोस, शाळेतल्या गणितापलीकडे काही नाही.

लॅटरलला मात्र गणित फुगतं. कुशीवर झोपलेला माणूस समोरून असतो त्यापेक्षा जाड, आणि आमचा जुना आडाखा असा की जाडी चार-पाच सेंटीमीटर वाढली की एक्स्पोजर जवळपास दुप्पट लागतं. कमरेच्या लॅटरलला मी ९० केव्ही आणि ६० एमएएस देते, आणि कूस ट्यूबच्या आणखी जवळ येते, ६५ सेंटीमीटरवर. सगळं गुणून १२ मिलीग्रे. म्हणजे त्याच माणसाच्या त्याच कमरेचा नुसती कूस बदलून तिप्पट डोस. पलीकडच्या प्लेटपर्यंत शंभरातला एखादा भागसुद्धा पोचत नाही, बाकी बहुतेक सगळं काकांच्या पोटात मुरतं. आपण बघतो ते चित्र त्या उरलेल्या चिमूटभराचं असतं.

१९९६ साली आयएईएने (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने) जे मार्गदर्शक आकडे दिले होते त्यात कमरेच्या एपीला १० आणि लॅटरलला ३० मिलीग्रे होते. म्हणजे आम्ही त्याच्या निम्म्याहून खाली. हे बघून मी जरा खुर्चीत टेकून बसले, चहा घेतला.

पण काकांना हा आकडा सांगून उपयोग नव्हता, कारण कातडीवर किती पडलं आणि आतल्या अवयवांना किती लागलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसात उभं राहिल्यावर रेनकोटवर किती पाणी पडलं ते विचारायचं की आतला शर्ट किती भिजला ते? इफेक्टिव्ह डोस म्हणजे शर्ट. प्रत्येक अवयवाला किती लागलं ते काढायचं, मग तो अवयव रेडिएशनला किती नाजूक आहे त्याप्रमाणे त्याला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. फुप्फुस, जठर, मोठं आतडं, स्तन, अस्थिमज्जा यांना प्रत्येकी ०.१२, थायरॉइडला ०.०४, कातडीला फक्त ०.०१. ही वजनं आयसीआरपीची (रेडिएशनपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची), २००७ सालची, त्याआधी १९९० ची वेगळी होती, स्तनाला तेव्हा ०.०५ च धरत होते. म्हणजे माणूस तोच, एक्स-रे तोच, आणि कागदावरचं वजन बदललं की डोस बदलला. एकूण मिळतं ते मिलीसिव्हर्टमध्ये.

अवयवांचं हे गणित मी वहीत करू शकत नाही. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक गणिती माणूस उभा करतात आणि त्याच्यावर लाखो फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, एकेक करून सोडून बघतात, कोण कुठे धडकलं, कुठे थांबलं. त्यावरून तयार केलेले कोष्टक असतात, कातडीच्या डोसला अमुकने गुणा. ते आमच्या आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) सरांनी फोनवर समजावलं, रविवारी, लेकीच्या क्लासबाहेर गाडीत बसून, त्यांचे आभार.

आणि इथे मला खरी मजा आली. कातडीवर लॅटरल तिप्पट होता ना? इफेक्टिव्ह डोसमध्ये तो एपीपेक्षा कमी निघाला! एपी ०.४ च्या आसपास, लॅटरल ०.३. कारण एपीला बीम समोरून, थेट पोटात शिरतो, पहिल्या काही सेंटीमीटरातच जठर, आतडी, लिव्हर, सगळे नाजूक पाहुणे पुढच्याच ओळीत बसलेले. लॅटरलला आधी कुशीचे स्नायू, कंबरेचं हाड, चरबी, आणि अवयवांपर्यंत पोचेपर्यंत निम्मा जोर गेलेला. ब्रिटनच्या पाहणीतही एपीला साधारण ०.४ आणि लॅटरलला ०.२ असंच दिसतं. सोळा वर्षं मी लॅटरल काढताना मनात म्हणत आले की याला जास्त लागतंय, आणि एपी बिनधास्त.

म्हणजे आमच्या मशीनवर कमरेचे दोन व्ह्यू मिळून ०.७ मिलीसिव्हर्ट. २००८ साली रेडिऑलॉजी या जर्नलमध्ये बऱ्याच ठिकाणचे आकडे गोळा करून जो तक्ता छापला, त्यात कमरेला सरासरी १.५ आहे. मानेला ०.२, छातीच्या पीएला (पाठीमागून काढलेल्याला) ०.०२, कमरेच्या सिटीला ६. दुप्पट फरक बघून घाबरू नका, या शास्त्रात दुप्पट म्हणजे जवळपास सारखंच. मशीन वेगळं, माणसाचा घेर वेगळा, टेक्निशियनचा हात वेगळा.

काकांच्या पिशवीतले एक्स-रे काढणाऱ्यांनी केव्ही, एमएएस कुठेच लिहिलेलं नाही, तेव्हा दोन्ही टोकं धरली. माझ्या हिशोबाने कमरेचे सहा म्हणजे ४.२, त्या तक्त्याप्रमाणे ९. वाकवून काढलेले दोन लॅटरल ०.६, मानेचे तीन मिळून ०.६, छातीचे पाच मिळून ०.१. आणि तो एकटा सिटी, ६. एकूण साडेअकरा ते सव्वासोळा मिलीसिव्हर्ट. अकरा वर्षांत.

बघा आता, माझ्या आकड्यांनी गेलं तर अकरा वर्षांचे सगळे साधे एक्स-रे मिळून साडेपाच आणि पाच मिनिटांचा सिटी सहा. काका ज्याला साधा स्कॅन म्हणत होते तो.

आणि याच अकरा वर्षांत नुसतं पृथ्वीवर राहण्याचं किती? जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून, आकाशातून, आपल्याच अंगातल्या पोटॅशियममधून जगाची सरासरी वर्षाला २.४ धरतात. अकरा वर्षांचे साडेसव्वीस. म्हणजे एकही एक्स-रे न काढता काकांना एवढं मिळालंच असतं. केरळात कोल्लमच्या किनाऱ्याला मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम, तिथे काही भागांत लोकांना याच्या कितीतरी पट मिळतं आणि तिथे हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवूनही कॅन्सर जास्त आढळला नाही असा अभ्यास आहे. तो वाचून मी खुश झाले, पण लगेच दुसरी बाजू पण वाचली, ती पुढे सांगते.

कॅन्सरच्या धोक्याचा आकडा सांगायचा तर आयसीआरपी म्हणते एका सिव्हर्टला साडेपाच टक्के. आपले सोळा मिलीसिव्हर्ट म्हणजे हजारात एकाहून जरा कमी. पण त्याच आयसीआरपीने हेही सांगून ठेवलंय की इफेक्टिव्ह डोस एका माणसाचा धोका काढायला वापरू नका. तो एका सरासरी कागदी माणसाचा डोस आहे, पुरुषाचं वजन ७३ किलो वगैरे ठरवलेलं. काका नव्वदच्या घरात आहेत आणि वय एकाहत्तर. रेडिएशनचा कॅन्सर व्हायचाच तर सहसा दहा-वीस वर्षं घेतो, म्हणून म्हातारपणी धोका कमी आणि लहानपणी जास्त. काकांच्या बाबतीत मी निश्चिंत होते.

दुसरी बाजू ती ही. मुलींचा पाठीचा कणा वाकडा होतो ना वाढत्या वयात, स्कोलिओसिस, त्यांना दर चार-सहा महिन्यांनी आख्ख्या मणक्याचा एक्स-रे लागतो, वाक वाढतोय का ते मोजायला. अमेरिकेत अशा ५,५७३ बायकांचा मागोवा घेतला गेला, ज्यांच्यावर १९१२ ते १९६५ च्या दरम्यान उपचार झाले होते. प्रत्येकीचे सरासरी पंचवीसेक एक्स-रे. २००० साली निष्कर्ष छापून आले: ब्रेस्ट कॅन्सरने साधारण ४६ मृत्यू अपेक्षित होते, झाले ७७. तेव्हाच्या फिल्मना डोस खूप लागायचा, स्तनांना सरासरी १०० मिलीग्रेच्या वर गेला होता, आजच्या डिजिटलशी तुलना नको. पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे: बीम समोरून येतो की पाठीमागून. मुलीला प्लेटकडे तोंड करून उभी केली, म्हणजे पीए, तर स्तन बीमच्या शेवटच्या टोकाला जातात आणि त्यांना लागणारा डोस कितीतरी पटीने घटतो, मधे आख्खी छाती आड येते. खर्च शून्य. फक्त "इकडे तोंड कर बाळा" म्हणायचं.

मी हे शिकले होते. डिप्लोमाला परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरीही पाच-सहा वर्षांपूर्वी एका चौदा वर्षांच्या मुलीचा मी एपी काढलाय, कारण बाहेर अकरा पेशंट, पाऊस, लोकल बंद पडलेल्या, सगळे चिडलेले, आणि हाताला सवय एपीची. तिची आई बाहेर विचारत होती रेडिएशन जास्त नाही ना. मी म्हटलं अगदी थोडं असतं.

दुसरा गुन्हा म्हणजे रिपीट. डोस वाढायचं एक मोठं कारण मशीन नाही, परत काढलेली फिल्म हे आहे. काकांच्या पिशवीतल्या एका एपीत बरोब्बर चौथ्या-पाचव्या मणक्यावर करगोट्याची चांदीची पेटी बसलीये, आणि त्याच तारखेची दुसरी फिल्म करगोट्याशिवाय. म्हणजे त्या दिवशी एपी दोनदा लागला (माझ्या वरच्या बेरजेत हा ०.४ धरलेला नाही, काकांनीच नंतर पकडला!). आपल्याकडे पुरुष करगोटा काढायला तयार नसतात, कातरायचा म्हटलं तर अपशकुन, मग तो वर छातीपर्यंत सरकवायचा, घामाने चिकटलेला, लोक लाजतात. बायकांचं मंगळसूत्र मानेच्या वेळी, परकराच्या नाडीची गाठ कमरेच्या वेळी. गाऊन द्यावा तर तो धुऊन आलेला नसतो. आणि श्वास. "श्वास सोडा आणि थांबा" म्हटलं की दहातले चार जण मोठा श्वास घेऊन थांबतात. हललं की परत.

डिजिटल आल्यापासून एक नवीनच. पूर्वी जास्त एक्स्पोजर दिलं की फिल्म काळी पडायची, आपली चूक सगळ्यांना दिसायची, सर ओरडायचे. आता कॉम्प्युटर सगळं जुळवून घेतो. कमी दिलं तर चित्र दाणेदार येतं, रेडिऑलॉजिस्ट तक्रार करतात. जास्त दिलं तर उलट छान गुळगुळीत येतं आणि कुणीच काही बोलत नाही. मग हात आपोआप वर सरकतो, पाच एमएएस इकडे, पाच तिकडे. आमच्यात याला डोस क्रीप म्हणतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्स म्हणून आकडा येतो तो याच्यासाठीच असतो, पण खरं सांगा, कोण बघतं? मी त्या सोमवारपासून बघायला लागले आणि माझे लॅटरल सरासरी बरेच वर निघाले. ६० एमएएस म्हणून वर लिहिलंय ना, ते खाली आणल्यानंतरचे. आधी काय देत होते ते नाही सांगत.

जाता जाता, "मणक्यात गॅप आलाय" हे जे सगळे म्हणतात ते पण उलटंच आहे. गॅप कमी झालेला असतो, गादी दबून. घोडबंदर रोडला रोज बाईकवरून जाणाऱ्या पोरांचेही हल्ली तसेच दिसतात. साधं कंबर दुखतंय, पाय बधिर नाही, ताप नाही, पडलेला नाही, तर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेने उपचारात सहसा काही बदल होत नाही हे डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्येच आहे. हे मी सेंटरमध्ये बोलत नाही, पोट त्याच्यावर आहे.

शनिवारी काका आले. मी एका कागदावर तक्ता करून दिला, तारीख, भाग, कमीत कमी, जास्तीत जास्त. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि दोन्ही रकाने वरून खाली तपासले, ओठ हलवत. बेरीज बरोबर होती. तरी चेहरा पडलेला.

"साडेअकरा की सव्वासोळा?"

म्हटलं काका, दोन्हीच्या मधे कुठेतरी.

"असं कसं मॅडम? ताळा जमायला नको?"

मी म्हटलं हा अंदाज आहे, यात पै-पैचा ताळा जमत नाही, प्रत्येक सेंटरने तेव्हाच चार आकडे लिहून दिले असते, केव्ही, एमएएस, अंतर आणि तुमची जाडी, तर बराच जवळ गेला असता. ते म्हणाले मग द्यायचे ना, पावतीवर एवढी जागा असते, जीएसटी नंबर टाकता तेवढ्यात. याला उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी आमच्या रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात, जिथे "शेरा" लिहिलंय, तिथे केव्ही-एमएएस लिहायला लागले. मालकांनी एकदा विचारलं हे काय, म्हटलं शेरा.

नवीन एल एस स्पाइनचं काय करायचं ते मी सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हटलं की आधीची सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नवीन काढून उपचारात काय बदलेल ते विचारा. काका गेले, विचारलं, डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वीची फिल्म बघितली आणि ती चालेल म्हणाले. ०.७ वाचले, काकांनी फोन करून सांगितलं, एखाद्याने रद्दीत चांगला भाव मिळाला सांगावं तसं.

परवा परत आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी छातीचा पीए लिहून दिला होता (डोळ्याच्या ऑपरेशनला छातीचा कशाला, हा वेगळा विषय, त्यात शिरत नाही). मी म्हटलं काका, ०.०२, तुम्ही तर येताना तलावपाळीला बसलात तरी तीनेक दिवसांत तेवढं होतं. हो हो म्हणाले, वही आणलीये, लगेच लिहून टाकतो, मग विसरायला होतं. प्लेटला छाती टेकवून, हनुवटी वर, हात कमरेवर, एकदम मस्त उभे राहिले. मी काचेमागे गेले, श्वास घ्या म्हटलं, बोट बटनावर. आणि तेवढ्यात लक्षात आलं.

"काका, थांबा. खिशातलं पेन काढा आधी."